रोडरोलरची सनद : हातातला हुन्नर कागदावर कसा आणावा?

मागच्या ईदच्या आठ दिवस आधीची गोष्ट. वाणगावच्या आमच्या दुकानात एक तरुण आला. घरच्या चौघांचे कापड काढले, हिशेब झाला आणि मग आवाज खाली करून म्हणाला, "चाचा, पैसे दोन हप्त्यांत दिले तर चालेल का?" आम्हाला आश्चर्य वाटले. सहा वर्षे रस्त्याच्या कामावर रोलर चालवणारा हा मुलगा, आमच्या वहीत त्याच्या नावावर कधी एक रुपया उधार नव्हता.

विचारले तेव्हा कळले. नव्या साईटवर सुरक्षा अधिकाऱ्याने गेटवरच दोन कागद मागितले : रोलरचे लायसन्स आणि चालकाच्या पात्रतेचे प्रमाणपत्र. याच्याकडे फक्त मोटारीचे लायसन्स. दुसरा कागद कसा असतो हे त्याने पाहिलेलेही नव्हते. ठेकेदाराने त्याला यंत्रावरून उतरवले आणि गाड्या थांबवायला-सोडायला लाल-हिरवे झेंडे हातात दिले. मजुरी निम्म्यावर आली. त्याचे यंत्र आता परप्रांतातून कागदपत्रे घेऊन आलेला दुसरा माणूस चालवतो.

उधारी आम्ही दिली. पण हा प्रश्न एका मुलाचा नाही. आपल्या भागातली कितीतरी मुले, मग ती मुसलमान असोत, वारली असोत, कोळी असोत की भंडारी असोत, गॅरेजमध्ये आणि रस्त्याच्या कामावर वाढली. हात तयार आहे, कागद नाही. आम्ही कापडाचे व्यापारी; मातीचा धंदा आमचा नव्हे. म्हणून चार जाणत्या माणसांना विचारले, नियम वाचले आणि जे समजले ते या पानावर क्रमाने मांडत आहोत. तरुणांनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी हा लेख कापून ठेवावा.

आजच का?

वाणगाव हे पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधले लहान स्टेशन. मिरचीसाठी आणि भाजीपाल्यासाठी आपले नाव. १६ एप्रिल २०१३ रोजी विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला, आणि त्यानंतर या पट्ट्यात मातीकामाचा पूरच आला. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, विरार-डहाणू रेल्वेचे चौपदरीकरण, ही सगळी कामे याच जिल्ह्यातून जाणारी.

त्यात वाढवण बंदर. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी त्याला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. मंजुरीच्या वेळी खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपये सांगितला गेला. आराखड्यानुसार समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे, आणि बंदराला महामार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आहे. मच्छिमार आणि बागायतदार बांधवांनी या बंदराला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्यांचे दुःख खरे आहे आणि डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे, हेही विसरता येत नाही. तो वाद मोठा आहे, या पानाचा नाही. आम्ही एवढेच म्हणतो की जमीन आपल्या भागाची जाणार असेल, तर यंत्रावर बसणारा माणूस तरी आपल्या भागाचा असावा. झेंडे दाखवायला आपण आणि यंत्र चालवायला दुसरा, असे होऊ नये.

भराव म्हटला की दबाई आली, आणि दबाई म्हटली की रोलर आला.

दबाई म्हणजे नेमके काय?

कागदाकडे जाण्याआधी हुन्नर समजून घेऊ. कारण पात्रतेच्या परीक्षेत "यंत्र चालवता येते का" एवढेच पाहत नाहीत, "हे असे का करता" हेही विचारतात. आमचा तरुण पुढे नेमका इथेच अडला, ते शेवटी सांगू.

माती म्हणजे कण, पाणी आणि हवा. दबाई म्हणजे कणांमधली हवा बाहेर काढणे. हवा राहिली तर पावसात तिची जागा पाणी घेते आणि रस्ता खचतो. पूर्वी हे काम हाताच्या दुरमुसाने होई, जनावरांनी ओढायच्या दगडी रुळाने होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये टॉमस अॅव्हेलिंग यांच्या कारखान्यातून वाफेचे रोलर निघू लागले. पुढे आपल्याकडे कलकत्त्याच्या जेसॉप कंपनीचे तीन चाकी रोलर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांवर दिसत. वाचकांपैकी ज्येष्ठांनी ते लहानपणी पाहिले असतील.

पण नुसते वजन टाकून माती दबत नाही. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातले इंजिनिअर राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. माती अगदी कोरडी असेल तर कण एकमेकांना अडतात, सरकत नाहीत. थोडे पाणी घातले की ते कणांना वंगणासारखे होते आणि कण घट्ट बसतात. पाणी जास्त झाले तर पाणीच जागा अडवते, माती रबरासारखी हलते. म्हणजे प्रत्येक मातीला पाण्याचे एक योग्य प्रमाण असते. त्या प्रमाणावर तिची जी सर्वांत जास्त कोरडी घनता मिळते ती कमाल घनता.

कापडवाल्याच्या भाषेत सांगतो. जास्त कांजी दिलेले कापड दुकानात कडक आणि भरीव लागते. पहिल्या धुण्यात कांजी जाते आणि हातात जाळी राहते. कोरड्या मातीवर फिरवलेला रोलर असाच. उन्हाळ्यात रस्ता दगडासारखा लागतो, पहिल्या पावसात त्याचे खरे रूप कळते. आम्ही हे स्वतः भोगले आहे. एका वर्षी दुकानासमोर नळासाठी चर खणला, माती परत लोटली, वरून एकदा रोलर फिरवला आणि काम झाले म्हणून माणसे निघून गेली. जुलैत चर गुडघाभर खचला. हातगाडी कलंडली आणि आमच्या दोन गाठी चिखलात गेल्या. चर भरताना थर लावले नव्हते, पाणी मारले नव्हते. एवढीच चूक, पण नुकसान आमचे.

हिशेब कसा करावा?

प्रयोगशाळेत मातीची परीक्षा भारतीय मानक २७२० प्रमाणे होते. हलक्या दबाईच्या परीक्षेत २.६ किलोचा ठोकणा ३१० मिलिमीटरवरून टाकतात, तीन थर आणि प्रत्येक थराला २५ ठोके. जड दबाईच्या परीक्षेत ४.९ किलोचा ठोकणा ४५० मिलिमीटरवरून, पाच थर आणि प्रत्येकी २५ ठोके. महामार्गाच्या कामात ही दुसरी परीक्षा धरतात.

महामार्ग मंत्रालयाच्या निकषांप्रमाणे भरावाची दबाई प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या किमान ९५ टक्के हवी आणि डांबरी थरांच्या खालच्या सबग्रेडची किमान ९७ टक्के. उदाहरण घेऊ. प्रयोगशाळेत मुरमाची कमाल घनता १.९० आली. जागेवर वाळू ओतून घनता मोजली ती १.८१ आली. १.८१ ला १.९० ने भागले की ९५.३ टक्के. भराव म्हणून हा थर पास, सबग्रेड म्हणून नापास. सबग्रेडला किमान १.८४३ हवी.

आता पाण्याचा हिशेब. समजा योग्य पाणी १२ टक्के आले. जागेवर त्यात वर एक टक्का आणि खाली दोन टक्के एवढीच सूट असते, म्हणजे १० ते १३ टक्के. आलेल्या मातीत ७ टक्केच ओल आहे. तर दर एक हजार किलो कोरड्या मातीमागे ५ टक्के, म्हणजे ५० लिटर पाणी मारून, माती उलटीपालटी करून मगच रोलर लावायचा. हा हिशेब तोंडपाठ असलेला चालक इंजिनिअरच्या डोळ्यात भरतो.

तिसरा हिशेब दिवसाच्या कामाचा. मोठ्या एका ड्रमच्या रोलरची रुंदी साधारण २.१ मीटर असते. पट्ट्यावर पट्टा ३० सेंटिमीटर चढवला तर कामाची रुंदी १.८ मीटर. वेग ताशी ४ किलोमीटर, दबलेला थर २० सेंटिमीटर, आणि आठ फेऱ्या लागतात असे धरू. १.८ गुणिले ४,००० गुणिले ०.२, भागिले ८, म्हणजे तासाला १८० घनमीटर. तासात खरे काम ५० मिनिटे धरले तर १५० घनमीटर. एका हायवाची माती दबल्यावर १० घनमीटर भरते असे समजा. म्हणजे एका रोलरला तासाला १५ हायवा माती लागेल. माती कमी आली तर रोलर रिकामा उभा राहील, जास्त आली तर ढीग पडतील आणि थर जाड होतील. जो चालक हे सांगू शकतो तो पुढे सुपरवायझर होतो.

यंत्रांची ओळख

तीन चाकी रोलर : लोखंडी चाकांचा, ८ ते १० टन वजनाचा. नुसत्या वजनाने दाबतो. खडीकामात आणि डांबराच्या पहिल्या फेरीत चालतो.

सॉइल कॉम्पॅक्टर : पुढे एक मोठा ड्रम, मागे रबरी टायर, ड्रम थरथरणारा. मुरूम आणि खडीला उत्तम. भरावाच्या कामावर सर्वांत जास्त हाच दिसतो.

पॅडफूट रोलर : ड्रमवर खुरांसारखे उंचवटे असतात. चिकणमातीत खुर खोलवर दाबतात. आपल्याकडच्या भातखाचरांच्या आणि खाजणालगतच्या चिकट मातीत याचा उपयोग होतो.

टँडम रोलर : पुढे-मागे दोन्हीकडे लोखंडी ड्रम. डांबरी रस्त्याची फिनिशिंग यावर होते. याचाच धाकटा भाऊ म्हणजे गल्लीबोळात चालणारा बेबी रोलर.

टायर रोलर : याला साईटवर पीटीआर म्हणतात. ओळीने रबरी टायर असतात. डांबराच्या मधल्या फेऱ्यांत तो माल मळल्यासारखा दाबतो.

प्लेट आणि रॅमर : चरात, मोरीच्या कडेला, पुलाच्या भिंतीपाशी, जिथे मोठे यंत्र जात नाही तिथे. नवशिक्याने सुरुवात येथून करावी.

चालवण्याची रीत

रोलर नेहमी कडेच्या सखल बाजूने सुरू करून मध्याकडे न्यावा. वळणावर रस्ता एका बाजूला उचललेला असतो, तिथे आतल्या खालच्या कडेकडून वरच्या कडेकडे जावे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चढलेला असावा. वेग ताशी ५ किलोमीटरच्या वर नको. थर निकषाप्रमाणे साधारण २०० मिलिमीटर दबलेल्या जाडीचा, त्याहून जाड टाकला तर वरचा भाग घट्ट आणि खालचा पोकळ राहतो.

थरथराट यंत्र चालू असतानाच लावावा. यंत्र थांबवण्याआधी किंवा दिशा बदलण्याआधी तो बंद करावा, नाहीतर जागेवर खड्डा पडतो. जुनी घरे, विहिरी, पाण्याचे नळ जवळ असतील तर थरथराट न लावता नुसत्या वजनाने दाबावे. ड्रम उसळू लागला तर समजावे की थर दबला आहे. आणखी फेऱ्यांनी खडी फुटते, डिझेल वाया जाते.

डांबराचे काम वेगळे. तिथे घड्याळ आणि तापमापक हे दोन मालक. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हीजी ३० डांबराचा माल अंथरताना १४० अंश सेल्सिअसच्या खाली नसावा आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी दबाई संपावी. ड्रमला पाणी लागलेले असावे म्हणजे माल चिकटत नाही. गरम मालावर रोलर कधीही उभा करू नये. एकाएकी ब्रेक नको, जागेवर वळणे नको.

जिवाची काळजी

रोलर सावकाश चालतो म्हणून त्याचे भय वाटत नाही, आणि म्हणूनच तो घात करतो. भरावाच्या मोकळ्या कडेपासून अंतर ठेवावे. कड सुटली की यंत्र आडवे होते. ज्या यंत्राला संरक्षक चौकट आहे त्यात पट्टा बांधूनच बसावे. कलंडताना बाहेर उडी मारणारा यंत्राखाली सापडतो. उतारावर यंत्र न्यूट्रलमध्ये सोडू नये. मागे जाण्याआधी मागे पाहावे, हॉर्न द्यावा. सावलीसाठी यंत्राच्या आडोशाला मजूर झोपतात, म्हणून सुरू करण्याआधी यंत्राभोवती एक फेरी मारावी. त्याच फेरीत इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, रेडिएटरचे पाणी, ब्रेक, ड्रमचा स्क्रेपर आणि पाण्याच्या नळ्या पाहाव्यात. ही दहा मिनिटांची फेरी परीक्षेतही गुण देते.

पहिला कागद : लायसन्स

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १० मध्ये वाहनांचे जे वर्ग दिले आहेत त्यात रोडरोलर हा स्वतंत्र वर्ग आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकामे वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला रोडरोलर हलक्या मोटार वाहनात मोडतो. म्हणजे बेबी रोलरला मोटारीचे लायसन्स पुरते. मात्र ११ टनांच्या सॉइल कॉम्पॅक्टरवर ते पुरत नाही. आमच्या तरुणाची चूक हीच होती. सहा वर्षे कोणी विचारले नाही म्हणून त्याने मानले की सर्व ठीक आहे.

वय १८ पूर्ण हवे. आधी लर्निंग लायसन्स, ते सहा महिने चालते. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. अर्ज सारथी या सरकारी संकेतस्थळावरून होतो. अर्ज करताना वाहनाच्या वर्गात रोडरोलर निवडला आहे हे डोळ्यांनी पाहावे, एजंटवर सोडू नये. चाचणीला यंत्र कोणाचे आणि कुठे, हे आरटीओत आधी विचारून घ्यावे. विनालायसन्स चालवण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपघात झाल्यास विम्याचे भांडण उभे राहते आणि गरीब चालक मधल्या मध्ये भरडला जातो.

दुसरा कागद : पात्रतेची सनद

देशात २०१३ साली कौशल्यांच्या पायऱ्यांची राष्ट्रीय चौकट ठरली. तेव्हा दहा पायऱ्या होत्या, २०२३ साली त्या आठ केल्या. या पात्रतांना मान्यता देणारी राष्ट्रीय परिषद, म्हणजे एनसीव्हीईटी, २०१८ साली स्थापन झाली. बांधकाम यंत्रांसाठी उद्योगांनी मिळून उभारलेली इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल आहे. बॅकहो लोडर, एक्स्कॅव्हेटर यांच्याप्रमाणे कॉम्पॅक्टरच्या चालकासाठीही पात्रता बांधल्या गेल्या. प्रत्येक पात्रतेच्या पत्रकात किमान शिक्षण, अनुभव आणि शिकण्याचे तास लिहिलेले असतात. ते पत्रक आधी मागून घ्यावे.

सनद मिळवण्याचे दोन रस्ते आहेत.

एक, शिकून. ज्याने यंत्राला हात लावलेला नाही त्याने मान्यताप्राप्त केंद्रात नाव घालावे. केंद्रात खरे यंत्र आहे का, रोज किती वेळ सीटवर बसायला मिळते, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. दहावी झालेल्या मुलाने आयटीआयचा एक वर्षाचा मेकॅनिक डिझेल हा अभ्यासक्रम आधी केला तर सोन्याहून पिवळे. चालक आणि मेकॅनिक एकच असेल तर ठेकेदार त्याला सोडत नाही.

दोन, अनुभवावरून. ज्याचा हात तयार आहे त्याला पुन्हा महिनोन्महिने वर्गात बसण्याची गरज नाही. पूर्वीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. यात थोडी उजळणी घेतात आणि मग परीक्षक लेखी किंवा तोंडी प्रश्न विचारतो आणि प्रत्यक्ष यंत्र चालवायला लावतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतून अनेकांची ही परीक्षा विनाशुल्क झाली. अशा योजनांचे टप्पे आणि जागा बदलत असतात, म्हणून जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात त्या वेळची स्थिती विचारावी. मोठ्या कामावर असाल तर ठेकेदार कंपनीलाच सांगावे. दहा-वीस चालक जमले की परीक्षा साईटवर घेणे सर्वांना सोयीचे पडते.

ही रीत आपल्याच देशाची आहे असे नाही. ब्रिटनमध्ये दबाईच्या यंत्रांसाठी एनव्हीक्यू ही पात्रता आहे. तिथे परीक्षक कामाच्या जागी येऊन माणसाचे काम पाहतो, प्रश्न विचारतो आणि पुरावे गोळा करतो. यंत्राच्या प्रकाराप्रमाणे वेगळे कार्ड मिळते आणि मोठ्या साईटवर त्याशिवाय काम मिळणे अवघड असते. आखाती देशांतही मोठ्या कामांवर चालकाची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतात. आपल्या भागातल्या ज्यांना तिकडे जायचे आहे त्यांनी येथूनच दहावी, रोलरचे लायसन्स आणि सनद बरोबर न्यावी. दहावी पास असेल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अटही लागत नाही.

तिसरा कागद : कामाची वही

हा कागद कोणी मागत नाही आणि तोच वेळेला उपयोगी पडतो. एक साधी वही करावी. तारीख, कामाची जागा, यंत्राचा प्रकार आणि वजन, मातीचा की डांबराचा थर, किती तास, आणि महिन्याच्या शेवटी सुपरवायझरची सही. आरपीएलच्या वेळी अनुभवाचा हाच पुरावा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तोही या वहीवरून मागता येतो. दुकानदार वहीशिवाय धंदा करत नाही, मग कारागिराने का करावा?

फसू नका

"यंत्राला हात न लावता आठ दिवसांत सर्टिफिकेट" असे सांगणारे लोक स्टेशनाबाहेर भेटतात. खऱ्या सनदेवर देणाऱ्या संस्थेचे नाव, पात्रतेचे नाव आणि तपासता येईल असा क्यूआर असतो. पैसे देण्याआधी दुसऱ्या कोणाची सनद मोबाइलवर तपासून पाहावी. खोट्या कागदावर यंत्र मिळाले आणि माणूस चिरडला, तर तो हिशेब कोणालाच फेडता येणार नाही.

दुसरे, सनद मिळाली की लगेच कर्ज काढून स्वतःचा रोलर घेऊ नये. रोलर पावसाळ्यात उभा राहतो, हप्ता उभा राहत नाही. दोन-तीन हंगाम दुसऱ्याच्या यंत्रावर काढावेत, भाडे, डिझेल, दुरुस्ती यांचे आकडे स्वतःच्या वहीत यावेत, मग चौघांनी भागीदारीत विचार करावा.

तिसरे, भाषेला भिऊ नये. आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी आणि इंग्रजी अर्ज पाहून आमच्याही पोटात गोळा येत असे. परीक्षा कोणत्या भाषेत देता येईल, तोंडी उत्तर चालेल का, हे अर्जाच्या वेळीच विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, न विचारण्यात नुकसान आहे.

त्या तरुणाचे पुढे काय झाले?

लायसन्स त्याने दोन महिन्यांत काढले. अनुभवाच्या परीक्षेला बसला, यंत्र तर सफाईने चालवले. पण परीक्षकाने विचारले, "थरावर पाणी का मारतात?" तो म्हणाला, "धूळ उडू नये म्हणून." सहा वर्षांत उस्तादाने त्याला कसे करायचे ते शिकवले होते, का करायचे ते सांगितले नव्हते. त्या वेळी तो नापास झाला. मग दुकान बंद झाल्यावर आमच्या बाकावर बसून त्याने वर दिलेले हिशेब पाठ केले. आम्ही विचारायचे, त्याने सांगायचे. हा लेख लिहिण्याची कल्पना तिथेच सुचली. दुसऱ्या वेळी तो पास झाला.

आता तो पुन्हा यंत्रावर आहे. मागच्या आठवड्यात उरलेला दुसरा हप्ता द्यायला आला तेव्हा एक गोष्ट सांगून गेला. दुपारी टँकर आला नव्हता, मुकादम म्हणाला कोरडेच दाबून टाक. याने यंत्र बंद केले आणि इंजिनिअरला बोलावले. टँकर आल्यावरच थर दाबला. झेंडे हातात असते तर त्याचे कोणी ऐकले नसते.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात किंवा शेजारी असा तयार हाताचा मुलगा असेल तर याच आठवड्यात त्याला तीन कामे सांगा. लायसन्सवर रोडरोलर लिहिले आहे का ते पाहा. वही आजपासून सुरू करा. आणि पात्रतेचे पत्रक मागवून त्यातला प्रत्येक मुद्दा "का" हा प्रश्न विचारत वाचा.